दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये डिझाइन थिंकिंग नेमके कुठे बसवावे?

सह्यवाट (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमचे काम स्क्रम या पद्धतीने नीट चालावे हे पाहतो. सध्या आमची टीम एका सहकारी दूध संघासाठी काम करत आहे. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांमध्ये संकलनाच्या वेळी वापरले जाणारे सॉफ्टवेअर नव्याने लिहिणे आणि त्याला जोडून सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप तयार करणे, असे कामाचे स्वरूप आहे. स्प्रिंट, म्हणजे कामाच्या ठरावीक फेऱ्या, दोन आठवड्यांचे असतात, बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, जिरा या साधनात आहे, आणि काय बांधायचे ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आमच्याच कंपनीचा असून तो संघाच्या जिल्हा कार्यालयाशी बोलून स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने मांडलेली छोटी कामे, लिहितो. डिझायनर एकच आहे आणि तिचाही निम्मा वेळ दुसऱ्या प्रकल्पाकडे जातो.

काम सुरू होताना व्यवस्थापनाने डिझाइन थिंकिंगची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलमुळे सर्वपरिचित झालेले पाच टप्पे, म्हणजे वापरणाऱ्याची परिस्थिती समजून घेणे, समस्या निश्चित करणे, कल्पना मांडणे, नमुना करणे आणि तो तपासणे, हे सारे त्या दोन दिवसांत उरकण्यात आले. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, वय, म्हशींची संख्या आणि फोनचा प्रकार यांसह काल्पनिक सभासद उभे राहिले, सगळ्याचे फोटो काढून टीमची कागदपत्रे ठेवायच्या कॉन्फ्लुएन्सवर चढवले गेले, आणि सोमवारी पहिला स्प्रिंट सुरू झाला तो महिनाभर आधीच लिहून ठेवलेल्या स्टोरी घेऊन. त्यानंतर त्या फोटोंकडे कोणी फिरकलेले नाही.

कार्यशाळेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्या दोन दिवसांत काही चांगले प्रश्न निघाले होते. माझी अडचण अशी आहे की ते प्रश्न स्प्रिंटमध्ये शिरायला दारच सापडत नाही. संशोधनाला स्प्रिंटमध्ये वेळ मागितला तर व्हेलॉसिटी, म्हणजे दर स्प्रिंटला पूर्ण होणाऱ्या कामाचे माप, घसरते. डिझायनरला एक स्प्रिंट पुढे पाठवले तर ती चित्रे करून आमच्याकडे सोपवते आणि आम्ही ती बांधतो, म्हणजे एक टप्पा संपवून पुढच्याकडे सोपवण्याच्या जुन्याच वॉटरफॉल पद्धतीची छोटी आवृत्ती होते. आणि वापरणाऱ्यांकडून काही वेगळे कळलेच, तर ठरलेली स्टोरी रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे स्पष्ट नसते. ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कन्सल्टंट मंडळींची वर्तुळे आणि बाण पुरेसे पाहून झाले आहेत.

---

निरगुडी

तुमच्या अडचणीवरचे सर्वांत नीट लिहून ठेवलेले काम टोरांटोमधले आहे. तेथे एलियस नावाची कंपनी होती, जी पुढे ऑटोडेस्कने घेतली. स्केचबुक प्रो हे चित्रकारांसाठीचे सॉफ्टवेअर अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या चक्रांत, बनवताना तिथल्या लिन मिलर यांनी २००५ मध्ये आणि डिझिरे साय यांनी २००७ मध्ये आपली पद्धत शोधनिबंधांतून मांडली. आज ज्याला 'ड्युअल ट्रॅक' म्हणतात, म्हणजे शोध आणि बांधणी दोन समांतर रुळांवर चालवणे, त्याची मुळे बहुतांशी तिथे आहेत.

त्या पद्धतीचे वेळापत्रक असे होते. डेव्हलपर चालू चक्राचे कोड लिहीत असताना डिझायनर एकाच वेळी तीन गोष्टी करत: मागच्या चक्रात तयार झालेला भाग वापरणाऱ्यांसमोर ठेवून तपासत, पुढच्या चक्राचे डिझाइन करून त्याचे नमुने पडताळत, आणि त्याच्याही पुढच्या चक्रासाठी वापरणाऱ्यांकडे जाऊन माहिती गोळा करत. म्हणजे एखादी कल्पना कोडपर्यंत पोहोचण्याआधी दोन चक्रे चाळणीतून जात असे. पहिल्या चक्रात डेव्हलपरांना ज्यातले पडद्यावर फारसे काही दिसत नाही असे काम, म्हणजे पायाभूत रचना, जाणीवपूर्वक दिले जाई, जेणेकरून डिझायनरला आघाडी घेता येईल.

हे ऐकताना तुम्ही म्हणाल की हाच तर आमचा छोटा वॉटरफॉल. फरक दोन ठिकाणी आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. एक म्हणजे साय यांच्या टीमने डिझाइनचे काम लहान तुकड्यांत फोडले होते. संपूर्ण स्क्रीनचा आराखडा एकदम सोपवायचा नाही, तर एका चक्रात तपासून होईल एवढाच तुकडा घ्यायचा आणि पुढचा त्यावर रचायचा. दुसरे म्हणजे डिझायनर रोजच्या बैठकीत डेव्हलपरांबरोबर असत आणि काय आढळले ते दस्तऐवजाने नव्हे, तर तोंडी सांगत. जाडजूड अहवाल वाचायला कोणाला सवड नसते, हे त्यांनी लवकर ओळखले.

आता तुमच्या परिस्थितीबद्दल स्पष्टच लिहितो. निम्म्या वेळेची डिझायनर ही तीन कामे करू शकणार नाही. तिच्यावर ती टाकल्यास वापरणाऱ्यांना भेटण्याचे काम सर्वांत आधी गळेल, कारण त्याची डेडलाइन कोणी विचारत नाही. त्यामुळे एक तर तिचा पूर्ण वेळ मिळवा, नाही तर पुढच्या चक्राचे डिझाइन तिच्याकडे ठेवून उरलेली दोन कामे टीममध्ये वाटून घ्या. टेस्टर या कामाला फार चांगले असतात. वस्तू कुठे मोडते हे शोधायची त्यांना सवयच असते.

---

कातळ

निरगुडी यांनी सांगितलेले वेळापत्रक बरोबर आहे, पण ते अशा कंपनीचे होते जिचे उत्पादन स्वतःचे होते आणि वापरणारा चित्रकार हाच ग्राहकही होता. सह्यवाट यांच्या प्रकल्पात पैसे देणारा वेगळा, सांगणारा वेगळा आणि वापरणारा तिसराच. अशा रचनेत दोन समांतर रूळ टाकल्याने प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही रूळ शेवटी जिल्हा कार्यालयाकडेच जातात.

यासाठी मला ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. ब्रिटिश उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० च्या अहवालानंतर २०११ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिने गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ सुरू केले. तिने स्वतःसाठी जी डिझाइन तत्त्वे जाहीर केली त्यातले पहिलेच तत्त्व गरजांपासून सुरुवात करा असे होते आणि त्याला तळटीप जोडलेली होती: वापरणाऱ्यांच्या गरजा, सरकारच्या नव्हेत. सरकारी खात्याने स्वतःबद्दल ही तळटीप लिहावी, हे मला आजही धाडसाचे वाटते. आपल्याकडे एखाद्या महामंडळाने असे लिहिले तर फाइल पहिल्याच टेबलावर अडकेल.

त्यांच्या पद्धतीत शोध, अल्फा, बीटा आणि प्रत्यक्ष चालू सेवा असे टप्पे असतात. शोधाच्या टप्प्यात काहीही बांधायचे नसते. समस्या कोणाची आहे आणि ती खरोखर आहे का, एवढेच पाहायचे. महत्त्वाचे म्हणजे या टप्प्याच्या शेवटी 'पुढे जाऊ नये' हा निष्कर्षही अधिकृतपणे मान्य असतो. अल्फामध्ये सर्वांत धोकादायक गृहीतके नमुन्यांवर तपासली जातात आणि ते कोड फेकून द्यायचे आहे असे धरूनच लिहिलेले असते. अजाइल काम आणि डिझाइन थिंकिंग ही तिथे दोन खाती नाहीत. संशोधक, डिझायनर, डेव्हलपर आणि धोरण ठरवणारा अधिकारी एकाच टीममध्ये बसतात आणि मुलाखतींना संशोधकाबरोबर इतरही जाऊन बसतात.

माझ्या मते सर्वांत आधी उचलावी अशी गोष्ट हीच शेवटची आहे. जेरेड स्पूल या अमेरिकी उपयोगिता-तज्ज्ञांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना काम करताना पाहावे. यात 'प्रत्येकाने' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण डेटाबेस सांभाळणारा माणूस एकदा संकलन केंद्रावर उभा राहिला की त्याच्याशी पुढे करायचे निम्मे वाद आपोआप टळतात. तुमच्या तीन स्प्रिंटमध्ये मिळून माणशी दोन तास. एवढ्याने व्हेलॉसिटी घसरत असेल तर ती आधीच फुगवलेली असणार.

दोन दिवसांच्या कार्यशाळेवर मात्र मी तुमच्यापेक्षा कठोर आहे. २०१४ मध्ये विशाल सिक्का सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतून इन्फोसिसमध्ये आले आणि त्यांनी हजारो कर्मचाऱ्यांना डिझाइन थिंकिंगचे प्रशिक्षण दिले, तेव्हापासून आपल्या आयटी क्षेत्रात या कार्यशाळांचे पीक आले. सॅपचे सहसंस्थापक हासो प्लाटनर यांच्याच देणगीतून स्टॅनफर्डची डी-स्कूल उभी राहिली, त्यामुळे हा ओघ समजण्यासारखा आहे. पण ज्या खोलीत एकही वापरणारा नाही तिथे 'समजून घेण्याचा' टप्पा पूर्ण झाला असे जाहीर करणे, हे पहिल्याच पायरीवर पद्धत सोडून देणे आहे. वय आणि म्हशींची संख्या लिहिलेला काल्पनिक सभासद नेहमी आपल्याला हवे तेच बोलतो.

---

धारोष्ण

या चर्चेत मी वेगळ्या बाजूने लिहितो. सध्याच्या नोकरीपूर्वी मी कोल्हापूर-सांगली भागात दूध संस्थांना संकलनाचे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे आणि बिघडले की दुरुस्त करण्याचे काम करत असे. सह्यवाट यांच्या बॅकलॉगमध्ये 'सभासदाला दुधाच्या गुणवत्तेचा आलेख दिसावा' अशा अर्थाची स्टोरी असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. प्रत्येक संघाच्या कार्यालयाला ती हवी असते.

आता पहाटे संकलन केंद्रावर काय घडते ते पाहा. दारापर्यंत रांग असते, प्रत्येकाच्या हातात किटली किंवा कॅन. सचिवाचा मदतनीस दूध काट्यावरच्या भांड्यात ओततो, कपभर नमुना घेऊन दूध तपासणाऱ्या अ‍ॅनालायझरच्या नळीखाली धरतो, आणि सचिव सभासदाचा क्रमांक दाबतो. तो पडद्याकडे पाहत नाही. त्याचे लक्ष कीबोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांवर आणि रांगेवर असते. हात ओले असतात, म्हणून टचस्क्रीन दिल्यास ती पहिल्या आठवड्यात फडक्याखाली झाकली जाते. यंत्र फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) दाखवते, सचिव ते मोठ्याने वाचतो, पावती फाटते, पुढचा माणूस येतो. हे सगळे एका मिनिटाच्या आत होते आणि जिथे तुमचे सॉफ्टवेअर दोन सेकंद अधिक घेईल तिथे रांगेतून आवाज येतो.

सभासदाचा प्रश्न एकच असतो, आणि तो रोज विचारला जातो: 'काल फॅट जास्त होती, आज कमी कशी?' कारण दर त्यावर ठरतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो आणि त्याखाली गेले की कपात होते. दहा दिवसांच्या बिलात ती कपात एकदम दिसते आणि तेव्हा भांडण सचिवाशी होते. सचिवाला खरा त्रास या भांडणाचा असतो, नोंदी करण्याचा नव्हे.

आमच्याकडे एका डेव्हलपरने हे उभे राहून पाहिले आणि आलेखाची स्टोरी बाजूला ठेवून एक साधा प्रयोग सुचवला. नवीन स्क्रीन नाही, अ‍ॅप नाही. सचिवाच्या वहीतून आदल्या आठवड्याच्या नोंदी घेऊन काही सभासदांच्या पावत्या हाताने तयार केल्या, ज्यांवर आजच्या फॅटच्या खाली गेल्या सात दिवसांची सरासरी लिहिली होती. त्या पावत्या सभासदांच्या हातात देऊन ते काय विचारतात एवढेच ऐकले. पहिल्याच सकाळी एक म्हातारी म्हणाली की ही सरासरी खोटी आहे, कारण तुम्ही सकाळ-संध्याकाळ एकत्र मोजलीत. तिचे बरोबर होते. दोन धारांमधले अंतर कमी असेल तर फॅट अधिक लागते, म्हणून बहुतेक घरांत संध्याकाळचे दूध सकाळपेक्षा वरचढ असते. सकाळची तुलना सकाळशीच झाली पाहिजे. हे ज्ञान जिल्हा कार्यालयात नव्हते असे नाही, पण स्टोरी लिहिताना कोणालाही ते आठवले नव्हते; आलेख बांधला असता तर तो रोज खालीवर उड्या मारणारा दिसला असता आणि सचिवाची भांडणे वाढली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पावतीवर फक्त सकाळची सरासरी लिहिली. ती लोकांना पटली. पुढच्या स्प्रिंटमध्ये जे कोड लिहिले गेले ते पावतीच्या छपाईतली एक ओळ आणि एक क्वेरी, एवढेच होते. आलेखाची स्टोरी पुढे कोणी मागितली नाही.

कातळ यांनी म्हटलेले 'प्रत्येकाने पाहावे' हे मला पटते, पण एक भर घालतो. केंद्रावर जाताना प्रश्नावली नेऊ नका. 'तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय हवे' असे विचारले की लोक आदराने काहीतरी सांगतात, आणि पुण्याहून आलेल्या साहेबांना निराश करू नये म्हणून चांगलेच सांगतात. संकलन चालू असताना बाजूला उभे राहा आणि गर्दी ओसरल्यावर त्या सकाळी घडलेल्या एखाद्या प्रसंगाबद्दलच विचारा.

---

सह्यवाट

सर्वांचे मनापासून आभार. धारोष्ण, आलेखाची स्टोरी आमच्या बॅकलॉगमध्ये आहे आणि तिला आठ पॉइंट (आम्ही कामाचा आकार असा मोजतो) दिलेले आहेत, हे वाचून आपल्याला हसू येईल.

दोन शंका उरतात. आमच्या करारात दर स्प्रिंटला किती पॉइंट पूर्ण झाले हे ग्राहक तपासतो, त्यामुळे केंद्रावर जाण्याचे काम कोणत्या खात्यात दाखवावे? दुसरे, चार-पाच लोकांना पाहून काढलेला निष्कर्ष जिल्हा कार्यालयाने का मानावा? तिथले अधिकारी सरळ विचारतात की आमचे सभासद हजारोंनी आहेत आणि तुम्ही पाच जणांच्या बोलण्यावरून स्टोरी कशी रद्द करता?

---

निरगुडी

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती पुष्कळदा चुकीच्या उत्तराने मिटवली जाते. पाच लोक पुरेसे असतात हे वाक्य उपयोगिता-तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या २००० मधल्या लेखातून पसरले. त्यामागे त्यांनी आणि टॉमस लँडाउर यांनी १९९३ मध्ये मांडलेले गणित आहे: एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडतात असे धरले तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. त्याच लेखात नील्सन पुढे सांगतात की पंधरा लोक असतील तर एकदाच पंधरा न तपासता पाच-पाचच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि मध्ये दुरुस्ती करावी, आणि वापरणाऱ्यांचे गट अगदी वेगळे असतील तर प्रत्येक गट स्वतंत्र तपासावा. हे दुसरे अर्धे वाक्य फारसे कोणी उद्धृत करत नाही.

तुमच्याकडे सचिव हा एक गट आणि सभासद हा दुसरा. म्हैस आणि गाय यांमुळे सभासदांतही फरक पडू शकतो. शिवाय हे गणित वापरताना येणाऱ्या अडचणी शोधण्याचे आहे. एखादी सोय हवी आहे की नाही, याचा कौल पाच जणांकडून मिळत नाही. म्हणून अधिकाऱ्यांपुढे 'पाच जणांना नको आहे' असे कधीही म्हणू नका. 'सकाळ-संध्याकाळची फॅट एकत्र दाखवल्यास तुलना चुकते' असे म्हणा. हे म्हणणे खरे ठरायला हजार सभासद लागत नाहीत, संघाच्याच एका महिन्याच्या नोंदी काढून ते दाखवता येते. प्रत्यक्ष पाहून प्रश्न सापडतो आणि त्याचे प्रमाण डेटामधून काढता येते. तुमच्याकडे तर प्रत्येक लिटरची नोंद आहे, इतका चांगला डेटा फार थोड्या टीमना मिळतो.

---

कातळ

पहिल्या शंकेबद्दल. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पॉइंट हा शब्दच नाही आणि व्हेलॉसिटीही नाही. तिथे स्प्रिंटचे उद्दिष्ट आहे, महिन्याच्या आतली मुदत आहे आणि वापरता येईल असे इन्क्रिमेंट, म्हणजे उत्पादनात पडलेली भर, आहे. स्प्रिंटअखेरच्या आढाव्यात, म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये, काय साधले आणि परिस्थितीत काय बदलले हे पाहून पुढे काय करायचे ते ठरवायचे असते आणि त्यानुसार बॅकलॉग बदलताही येतो. बॅकलॉगची जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची आहे, त्यामुळे स्टोरी रद्द करण्याचा तुमचा मूळ प्रश्नही तिथेच सुटतो: अधिकार त्याचा. अडचण एवढीच की तुमचा प्रॉडक्ट ओनर सध्या निरोप्या झालेला आहे. पुढच्या रिव्ह्यूला जिल्हा कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबरोबर एखाद्या संस्थेचा सचिवही बोलवा. अधिकाऱ्याला डेव्हलपरने दहा वेळा सांगितलेले पटत नाही, पण सचिवाने एकदा सांगितले की ते इतिवृत्तात जाते.

करारातले पॉइंट एका रात्रीत जाणार नाहीत, हे मान्य आहे. तोवर एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अजाइल पद्धतीतून आलेला स्पाइक, म्हणजे एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीचे छोटे काम, वापरा. त्याला ठरावीक वेळेची मर्यादा असते, त्यातून कोड बाहेर पडत नाही, उत्तर पडते, आणि बहुतेक ग्राहक त्याला सरावलेले असतात. फक्त त्याच्या पूर्णतेची अट 'भेट दिली' अशी ठेवू नका, नाही तर भेटींचा अहवाल वाढेल आणि बाकी काही होणार नाही. आलेखाच्या स्टोरीच्या आधी टाकायचे कार्ड मी साधारण असे लिहिले असते:

'प्रश्न: आजची फॅट कमी लागली असे वाटणाऱ्या सभासदाला पावतीवरची कोणती माहिती पटते? मर्यादा: एक डेव्हलपर आणि टेस्टर, दोन सकाळी आणि एक संध्याकाळ, दोन वेगवेगळ्या संस्था. साहित्य: हाताने लिहिलेल्या पावत्या. पूर्ण केव्हा: आलेखाची स्टोरी ठेवायची, बदलायची की काढायची हे प्रॉडक्ट ओनरने कारणासह कार्डावर लिहिल्यावर.'

आठ पॉइंटच्या स्टोरीआधी याला दोन पॉइंट द्या आणि करारातल्या तक्त्यात बिनधास्त दाखवा.

---

धारोष्ण

कार्डात एक दुरुस्ती सुचवतो. दोनपैकी एक संस्था गाईच्या दुधाची आणि एक म्हशीच्या दुधाची घ्या, आणि बिलाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सचिव तुमच्याशी बोलणारच नाही.